जर्मन पद्धतीचा नारळ

राजनंदिनीनं जर्मनीत नवा मोबाईल घेतला आणि त्याचा फटका बोरजाईवाडीला बसला.

बोरजाईवाडी पलूसच्या अलीकडं. राजनंदिनी ही तिथल्या निवृत्त सुभेदार मानसिंग यांची एकुलती एक लेक, इंजिनिअर. दर रविवारी ती फोनवर तोंड दाखवायची, आई, शालूबाई, तिला 'वाळलीस गं' म्हणायची आणि सुभेदार तिकडचं हवामान विचारायचे. त्या रविवारी मात्र हवामानाच्या आधीच विषय निघाला.

"आबा, हितं मोबाईल घेतला की त्याच्या किमतीत कलाकारांचा वाटा धरलेला असतो."

"कसला वाटा?"

"माणूस मोबाईलमध्ये गाणी उतरवून घेणारच, घरच्या घरी ऐकायला. प्रत्येकाच्या घरात शिरून कोण बघणार? म्हणून मोबाईल, पेनड्राईव्ह, साठवणीचं काहीही विकलं की कंपनीनं आधीच वाटा भरायचा. मग तो गाणाऱ्यांना, लिहिणाऱ्यांना वाटून देतात."

"आन् गाणं उतरवलंच न्हाई तर?"

"तरी भरायचा."

"म्हंजी गुन्ह्याआधी दंड."

"दंड नाही आबा. उतरवून घ्यायची मुभा असते. त्या मुभेचा मोबदला."

सुभेदारांनी चहाचा कप खाली ठेवला. ते स्वतः कलाकार होते. ही गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती, गावाला अजून नीट कळायची होती.

फौजेतून आल्यावर त्यांनी एकच गाणं रचलं, पण जोरात रचलं. 'आमच्या वाडीचा ऊस रं गड्या, चंद्राला टेकला' अशी त्याची सुरुवात. आवाज घुमावा म्हणून ते गोठ्यात उभं राहून मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. पहिल्या खेपेला म्हशीनं आणि शालूबाईंनी मध्येच व्यत्यय आणला, तेव्हा बाजारपेठेतल्या कैफच्या मोबाईलच्या दुकानात जाऊन तेवढा भाग कापून घेतला. तेव्हापासून सुभेदार कैफच्या दुकानात स्टुलावर बसलेले असत. ट्रॅक्टरवाले, पिकअपवाले गाणी भरून घ्यायला आले की सुभेदार नुसतं खाकरत, आणि कैफ त्यांच्या पेनड्राईव्हवर सगळ्यांत वर ऊस चढवत असे.

त्यामुळं हंगामात कारखान्याकडं निघालेला प्रत्येक ट्रॅक्टर सुभेदारांच्या दारावरून त्यांचंच गाणं लावत जायचा. फक्त पहिली ओळ झाली की गाणं थांबायचं आणि दुसरंच काहीतरी सुरू व्हायचं. मागं दोन-दोन ट्रॉल्या लादलेला ट्रॅक्टर दारावरून जायला चहा पिऊन होईल इतका वेळ घेतो, तरी दुसरी ओळ सुभेदारांनी कधी ऐकली नव्हती. ड्रायव्हर आपल्यासमोर पुढचं वाजवायला लाजतात, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला होता.

आणखी एक गोष्ट त्यांना अभिमानाची वाटायची. त्यांच्या घरासमोर कुणीही गाडी मागं घेत नसे. ट्रॉली चुकून पुढं गेली, तर ड्रायव्हर अख्ख्या वाडीला वळसा घालून परत येई, पण रिव्हर्स टाकत नसे. "फौजी माणसाच्या दारात माघार घ्यायची न्हाई, येवढं कळतंया पोरांना," असं सुभेदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. कैफ ते ऐकून मान खाली घालून स्क्रू शोधायला लागायचा.

एकच काटा सलत होता. मागच्या जत्रेला शालूबाईंचे भाऊ लालासाहेब कोरेगावहून आले होते. त्यांनी ते गाणं पूर्ण ऐकलं. असं करणारे ते पहिलेच. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "दाजी, ह्यापरास बंदुकीचा आवाज बरा हुता."

यंदा त्याच जत्रेत, कुस्त्यांच्या मैदानावर, गावच्या कलाकाराला फेटा बांधायचं ठरलं होतं. फौजी म्हणून सुभेदारांना फेटा मिळालेला होता, पण तसा तो गावातल्या निम्म्या घरांत होता. कलाकाराचा फेटा कुणाकडंच नव्हता. आणि तो लालासाहेबांच्या डोळ्यांदेखत बांधून घ्यायचा होता.

चहा न संपवताच सुभेदार सरपंचांकडं निघाले.

सरपंच नानासो सगळं ऐकून घेत. ऐकून घेणं हेच त्यांचं मुख्य काम होतं.

"जर्मनीत हाय म्हणता?"

"लेकीनं सोता सांगितलं."

"पर सुभेदार, कर लावायचा हक्क मला न्हाई. हाय ती घरपट्टी मागाय गेलो तर लोक कुत्री सोडत्यात."

"पैका मागतोय कोण? मान मागतोय. आता बगा, आपल्यात नवी वस्तू आली की नारळ फोडतोच की. ट्रॅक्टरला फोडतो, मोटरीला फोडतो, मोबाईलला बी फोडतो. त्यो दगडावर फुटून वाया जातोय. त्यो अख्खा कलाकाराच्या घरी पोचवायचा, येवढंच. ज्यात गाणं साठतं, त्या वस्तूमागं एक नारळ."

नानासोंना यात खर्च दिसला नाही. ज्यात खर्च दिसत नाही असा विषय त्यांनी आजवर नामंजूर केलेला नव्हता. शिवाय 'जर्मन पद्धत राबवणारी तालुक्यातली पहिली ग्रामपंचायत' हे शब्द त्यांना फलकावर दिसायला लागले. ग्रामसभेत विषय मांडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या नेमक्या कशाला वाजवल्या हे बऱ्याच जणांना घरी गेल्यावर कळलं.

"नव्या वस्तूचं ठीक हाय," सभेत एकानं विचारलं होतं, "जुन्यांचं काय?"

"जुन्यात काय गाणी न्हाईत व्हय?" सुभेदार म्हणाले.

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुभेदारांच्या सोप्यात नारळ यायला लागले. बोरजाईवाडीत माणसांपेक्षा मोबाईल जास्त आहेत हे गावाला आधी माहीत नव्हतं. मोबाईलमागून पेनड्राईव्ह आले, मग टीव्ही, मग ट्रॅक्टरचे टेप. एका घरचं कपडे धुवायचं मशीन धुणं झाल्यावर धून वाजवायचं, त्याचाही नारळ धरला. सुभेदार दारात खुर्ची टाकून बसले. नारळ आणणारा नमस्कार करी, हे 'आराम से, आराम से' म्हणत नारळ हलवून पाणी तपासत आणि आत सरकवत.

नाथाजी दूधवाला मात्र एक अडचण घेऊन आला. "सुभेदार, माजी सासू. बोललेलं समदं साठवती, आन् वक्ताला जसंच्या तसं वाजवती. तिचा धरायचा का?"

प्रकरण सरपंचांकडं गेलं. नानासोंनी रात्रभर विचार करून निकाल दिला की देवानं दिलेली साठवण माफ.

तिकडं स्वयंपाकघरात शालूबाईंना खवणीपासून सुटका नव्हती. भाकरीबरोबर ओल्या खोबऱ्याची चटणी, वांग्यात खोबरं, आमटीत खोबरं, आणि संध्याकाळी खोबऱ्याच्या वड्या. म्हशीच्या पेंडीत खोबऱ्याचा चुरा घातला, तर ती दोन दिवस आनंदानं बेतालपणे हंबरली.

"आवं, सोप्यात पाय ठिवाय जागा न्हाई," शालूबाई म्हणाल्या. "लोकाचं घर कलाकारामुळं भरतं, आपलं नारळानं भरलंय."

"अगं, कलेचा मान हाय त्यो."

"मग कलेलाच म्हणावं खवणीवर बस जरा."

कलाकाराच्या घरच्यांना त्याची किंमत उशिरा कळते, हे सुभेदारांना माहीत होतं. ते नारळांच्या पलीकडच्या खुर्चीकडं गेले आणि तिथं पोचायला त्यांना थोडा वेळ लागला.

खरी भानगड जाफरभाईंनी काढली. जाफरभाई म्हणजे कैफचे वडील, बँडचे मास्टर. पंचक्रोशीतल्या लग्नांत त्यांचं क्लॅरोनेट वाजल्याशिवाय नवरदेव घोड्यावरून उतरत नसे. ते शांतपणे सुभेदारांच्या दारात आले आणि म्हणाले, "सुभेदारसाब, लगनाच्या शूटिंगा घराघरांत साठवल्यात. त्यात माजं क्लॅरोनेट हाय. माजा नारळ कुठं हाय?"

"एक घिऊन जावा की."

"एक नगं. हिशेबानं पायजे."

सुभेदारांनी राजनंदिनीला फोन लावला. तिनं सांगितलं की वाटणी अंदाजपंचे होत नाही, कुणाचं किती उतरवून घेतलं जातं याची पाहणी करतात. हे लालासाहेबांच्याही कानावर गेलं, कारण ते त्याच दिवशी जत्रेसाठी कोरेगावहून जीप घेऊन आले होते आणि खोबऱ्याची आमटी ओरपत होते.

"दाजी," ते म्हणाले, "मग पाहणी हुं द्या की. मैदानावर समद्यांनी आपापलं यंत्र आणायचं आन् काय वाजतंय ते ऐकवायचं. गावातल्या ज्या कलाकाराचं जास्त वाजंल, त्यालाच नारळ आन् त्यालाच फेटा. निवाडा मी करतो. सांगलीचं भांडण हाय, सातारकराला कुणाची वशिलेबाजी न्हाई."

"आनंदानं करा, पाव्हणं."

त्या संध्याकाळी कैफ धापा टाकत आला. "काका, पाहणी कशाला करताय? समद्यांना ठाव हाय मान तुमचाच. अब्बांना मी समजावतो. न्हाईतर असं करू, मोबाईलवरच बघू. ट्रॅक्टर, पिकअप मैदानात नगंतच."

सुभेदारांचं काळीज भरून आलं. आपल्यापायी पोरगं स्वतःच्या बापाविरुद्ध उभं राहिलं होतं. "घाबरू नगंस," ते म्हणाले. "ट्रॅक्टर तर आधी पायजेत. माजं खरं श्रोते त्येच."

कैफ काही बोलणार होता. मग त्यानं शालूबाईंकडं बघितलं आणि तो निघून गेला.

जत्रेच्या दिवशी कुस्त्या संपल्यावर पाहणी सुरू झाली. सुभेदार छातीवर पदकं लावून पहिल्या रांगेत ताठ बसले होते. ताटात गुलाबी फेटा ठेवलेला होता. त्या फेट्याच्या रंगाचा सदरा त्यांनी आधीच घातला होता. बायकांच्या बाजूला शालूबाई बसल्या होत्या. खोबऱ्यापासून लांब बसायला मिळालं म्हणून त्या प्रसन्न होत्या. मैदानाच्या कडेनं ट्रॅक्टर आणि पिकअप ओळीनं उभे होते, आणि सगळ्यांच्या मागं लालासाहेबांची जीप.

लालासाहेबांनी माईक घेतला. "पयला ट्रॅक्टर, चालू करा."

'आमच्या वाडीचा ऊस रं गड्या, चंद्राला टेकला...' मैदानभर आवाज घुमला. सुभेदारांनी मेहुण्याकडं बघितलं. तेवढ्यात ड्रायव्हरचं बोट सवयीनं पुढं गेलं आणि गाणं थांबलं.

"दुसरा."

'...चंद्राला टेकला.' थांबलं.

"तिसरा."

ऊस टेकला. थांबला.

असा ऊस ओळीनं प्रत्येक ट्रॅक्टरवरून चंद्राला टेकला आणि तिथंच राहिला. लालासाहेबांनी माईकमध्येच विचारलं, "दाजी, तुमचं गाणं एका वळीचं हाय व्हय?"

लोक हसले. ड्रायव्हर लाजतात हे स्पष्टीकरण सुभेदारांना स्वतःलाच पहिल्यांदा जरा ढिलं वाटलं. जाफरभाईंनी शेजारी बसल्या-बसल्या क्लॅरोनेट पुसायला घेतलं.

"पुढची वळ कुणाला येती का?" लालासाहेबांनी गर्दीला विचारलं.

कुणीच बोललं नाही. सुभेदार आयुष्यात गोळीबाराला घाबरले नव्हते, पण ती शांतता त्यांना सोसेना. फेट्याचं ताट एकदम लांब गेल्यासारखं वाटलं.

आणि नेमका त्याच वेळी नाथाजी दूधवाल्याचा टेम्पो मैदानाच्या तोंडाशी येऊन हॉर्न मारायला लागला. वाट ट्रॅक्टरांनी अडवलेली. "डेरीची गाडी सुटंल, दूध नासंल," नाथाजी ओरडत होता. ज्या गावात दूध नासतं त्या गावात सरपंच टिकत नाही. नानासोंनी माईक हिसकावला.

"ट्रॅक्टरवाले, समद्यांनी गाड्या मागं घ्या. आत्ताच्या आत्ता."

"न्हाई," कैफ कळवळून म्हणाला, पण तोवर सगळ्यांनी एकदम रिव्हर्स टाकला होता.

गाडी मागं घेताना वाजणारे सगळे भोंगे एका दमात सुरू झाले. त्यांतून एकच आवाज आला, खणखणीत, रागावलेला, आणि साऱ्या मैदानाला पाठ असलेला:

"आवं, मागं बघा की जरा! म्हस सुटलीया मागं, आन् तुमी भिताडाकडं तोंड करून कुणाला हाका मारताय?"

ट्रॅक्टर मागं सरकत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, आवं, मागं बघा की जरा. पोरं त्याच्याबरोबर ओठ हलवत होती. म्हातारी माणसं सवयीनं मागं बघत होती. पिकअप म्हणत होते, टेम्पो म्हणत होता. शेवटी लालासाहेबांच्या जीपपाशी वाट अडली.

"मी पुढनं काढतो," लालासाहेब घाईनं म्हणाले.

"पुढं जागा न्हाई, पाव्हणं. मागं घ्या."

लालासाहेबांनी इकडं-तिकडं बघितलं आणि गिअर टाकला. सातारा पासिंगची जीप त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या आवाजात ओरडली, "आवं, मागं बघा की जरा."

धूळ खाली बसली. बायकांच्या बाजूनं शालूबाई सावकाश उभ्या राहिल्या.

"कैफ. हिकडं ये."

कैफ वडिलांच्या मागं लपला. जाफरभाईंनी त्याला पुढं ओढला. तो मान खाली घालून बोलला, "काकी, काकांनी गोठ्यातलं रेकॉर्डिंग आणलं, त्यात तुमचा आवाज आला हुता. काका म्हणाले, काढून टाक. मी काढला. पर टाकवंना झाला. एका ट्रॉलीवाल्याला रिव्हर्सचा भोंगा पायजे हुता, त्याला भरून दिला. त्यानं मागं घेताना एकदा बी कुणाला धडकवली न्हाई. मग समदेच मागाय लागले. पलूस झालं, मग तासगाव, मग कऱ्हाडच्या पुढं कुठंवर गेलाय, मला बी ठाव न्हाई."

"कोरेगावात लय चालतो," जीपमधून लालासाहेब बारीक आवाजात म्हणाले.

"आन् आमच्या दारात कुणी गाडी मागं घेत न्हाई, ते?" सुभेदारांनी विचारलं.

"काकींनी ऐकलं तर भोंगा काढाय लावतील, म्हणून समद्यांना शपथ घातली हुती."

सुभेदार खुर्चीत टेकले. त्यांच्या फौजी दराऱ्याचा एक बुरुज तिथल्या तिथं ढासळला.

लालासाहेबांनी निवाडा माईकवर न देताच दिला. फेट्याचं ताट उचलून त्यांनी थेट बहिणीसमोर नेलं. जाफरभाई उठून म्हणाले, "भाभी, आपला क्लेम मागं घेतला. आमच्या क्लॅरोनेटनं येवढी माणसं कवा मागं वळली न्हाईत." नानासोंनी शालूबाईंना दोन शब्द बोलायची विनंती केली.

शालूबाईंनी माईक हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि त्यांनी दोन शब्दांपेक्षा थोडं जास्त घेतलं. "नारळ माजं असत्याल तर ऐका. उद्या सकाळी ज्यानं त्यानं आपापला नारळ उचलून न्यायचा. फोडायचा, खवायचा, आन् खवलेलं खोबरं परत आणून द्यायचं. वड्या मी करते. भोंग्याचं म्हणाल तर असूं द्या. कुणाचं पोर चाकाखाली येत नसंल तर माज्या नरड्याचं काय जातंय."

एवढ्या टाळ्या कुस्तीला पडल्या नव्हत्या. या खेपेला त्या कशाला पडल्या हे लोकांना तिथंच कळलं होतं.

आता फेटा बांधायचा. लालासाहेब पुढं झाले, तेवढ्यात सुभेदार उठले. त्यांनी सदरा नीट केला, पदकं सरळ केली आणि फेटा मेहुण्याच्या हातातून काढून घेतला.

"थांबा, पाव्हणं. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. ती 'आवं' कुणाला म्हणती?"

"तुमाला, दाजी."

"म्हस कुणाची?"

"तुमची."

"भिताडाकडं तोंड करून कोण हुबा हाय?"

"तुमीच."

"मग?" सुभेदारांनी मैदानावरून नजर फिरवली. "ह्या दोन जिल्ह्यांत गाडी पुढं निघाली की माजं गाणं लागतंय, आन् मागं आली की माजा उद्धार हुतोय. पुढं मीच, मागं बी मीच. असा कलाकार दावा मला."

लालासाहेबांना असा कलाकार दाखवता आला नाही. सुभेदारांनी स्वतःच्या हातानं शालूबाईंच्या डोक्यावर फेटा बांधला, कडक, फौजी पद्धतीनं, आणि दोन पावलं मागं सरून सॅल्यूट ठोकला. मागं सरताना ते आधी मागं बघायला विसरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सोपा रिकामा झाला आणि दुपारपर्यंत खवलेल्या खोबऱ्याच्या पराती परत आल्या. शालूबाई चुलीपुढं वड्यांचं मिश्रण घोटत बसल्या होत्या. फेटा त्यांनी काढला नव्हता. काम करताना केस मध्ये येत नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं. सुभेदार वेलची सोलत होते. घोटता घोटता शालूबाई स्वतःशीच गुणगुणायला लागल्या,

"तोडणीवाला शिडी मागाय पुण्यापतूर पोचला..."

सुभेदारांच्या हातातली वेलची थांबली. ती दुसरी ओळ होती.

"तुला येती?"

"गोठ्यात महिनाभर वरडत हुता. म्हशीला बी येती."

तेवढ्यात राजनंदिनीचा फोन आला. तिला सगळं सविस्तर सांगितलं. ती इतकी हसली की फोनमध्ये नुसतं छत दिसायला लागलं. मग म्हणाली, "आबा, कैफनं मला तो आवाज कवाच पाठवलाय. नव्या मोबाईलमध्ये गजर म्हणून तोच लावलाय. रोज सकाळी आईच्याच आवाजानं उठते मी."

सुभेदारांनी हातातली वेलची ताटलीत ठेवली आणि ते ताठ बसले.

"म्हंजी तिथल्या मोबाईलवर कलाकारांचा वाटा भरलाय."

"हो."

"आन् त्यात तुज्या आईचा आवाज उतरवून घेतलाय."

"हो, पण आबा..."

सुभेदारांनी शालूबाईंकडं, गुलाबी फेट्याकडं, अभिमानानं बघितलं.

"अगं ऐकलंस का," ते म्हणाले, "जर्मनीकडं आपला एक नारळ येणं हाय."